वीस वॅटचा खरेपणा



लग्नाचा मांडव असो, हरिनाम सप्ताह असो की आपल्या गटांचा वार्षिक मेळावा, बोलणारीचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो तो एका पेटीमुळे. तिला कुणी मशीन म्हणतं, कुणी ॲम्प्ली. पूर्ण नाव ॲम्प्लिफायर. माइकसाठी चढाओढ होते, भोंगा झाडावर चढून मिरवतो, आणि ही पेटी मात्र टेबलाखाली धूळ खात काम करत असते.

आज आम्ही अशाच एका पेटीचा इतिहास सांगणार आहोत. ही मांडवातली पेटी नव्हे, घरात बसून गाणी ऐकायची आहे. ती आपल्या मुलखातलीही नाही. तिचा आराखडा इंग्लंडमध्ये झाला, ती तैवानमध्ये बनली, आणि १९७८च्या सुमारास युरोप-अमेरिकेच्या बाजारात आली. तिचं नाव नॅड ३०२०. दिसायला साधी, किमतीला हलकी, अंगावर लिहिलेला आकडाही लहान. तरी ती निघून आता जवळजवळ पन्नास वर्षं होत आली, आणि तिकडचे लोक अजून ती जुन्या बाजारात शोधतात, झटकून-पुसून दुरुस्त करतात आणि ऐकतात.

ही गोष्ट आपण का ऐकायची? तर "स्वस्त म्हणजे हलकं" हे वाक्य आपल्या सगळ्यांच्या कानावर रोज पडतं. आपल्या पापडाबद्दल, मसाल्याबद्दल, गोधडीबद्दल. किंमत कमी ठेवायची तर कशात काटकसर करायची आणि कशात अजिबात करायची नाही, हा प्रश्न प्रत्येक गटापुढे आहे. या पेटीच्या इतिहासात त्याचं एक चांगलं उत्तर सापडतं.

दारं धरणारा हात

आधी ही पेटी करते काय ते पाहू. माइकमधून किंवा रेकॉर्डवर फिरणाऱ्या सुईतून जी वीज निघते ती अगदी क्षीण असते. तिच्यानं स्पीकरचा पडदा हलत नाही. आता शेतात दारं धरणारी बाई आठवा. पाटाला पाणी जोरात वाहतंय. ती खोऱ्यानं थोडी माती ओढते, पाणी वाफ्यात शिरतं. माती लोटते, पाणी थांबतं. तिच्या हाताला फार बळ लावावं लागत नाही, पण तिच्या इशाऱ्यावर पाटाचं सगळं बळ चालतं. ॲम्प्लिफायरमध्ये हेच घडतं. भिंतीतल्या प्लगमधून येणारी वीज हा पाट, आणि गाण्याची क्षीण वीज हा दारं धरणारा हात. हात जसा हलेल तसंच पाणी वळलं, तर आवाज मूळ गाण्यासारखा. पाणी भलतीकडे फुटलं, तर आवाज फाटला.

पूर्वी हे काम काचेचे व्हॉल्व्ह करायचे. ते तापायचे, फुटायचे आणि जागा अडवायचे. १९४७ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर तयार झाला. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत व्हॉल्व्हची बहुतेक जागा त्यानं घेतली. आपल्याकडे तर लोक छोट्या रेडिओलाच ट्रान्झिस्टर म्हणू लागले, इतका तो शब्द घराघरात रुजला.

१९५८च्या सुमारास स्टिरिओ रेकॉर्ड बाजारात आल्या. स्टिरिओ म्हणजे डावीकडचा आणि उजवीकडचा आवाज वेगळा. त्यामुळे घरात दोन स्पीकर आले, आणि त्यांना चालवायला एकाच पेटीत दोन ॲम्प्लिफायर आले. गायिका समोर बसून गातेय असं वाटावं, इतका खरा आवाज देणाऱ्या यंत्रांना तिकडे हाय-फाय म्हणू लागले. म्हणजे मूळ आवाजाशी जास्तीत जास्त इमान राखणारी यंत्रं. शब्दात इमान होतं, किमतीत मात्र गरिबाला जागा नव्हती.

आकड्यांचा बाजार

१९७०च्या दशकात या बाजारात एक स्पर्धा लागली. कोणाची पेटी जास्त वॅटची? वॅट म्हणजे किती ताकद बाहेर पडते त्याचं माप. जपानच्या कंपन्या मोठमोठ्या चकचकीत पेट्या काढत होत्या. पुढे ॲल्युमिनियमची पट्टी, जाड बटणं, काटे हलणारी मीटरं, निळे-हिरवे दिवे. १९७८ सालीच पायोनिअर कंपनीचा एसएक्स-१९८० हा रिसीव्हर आला. त्याची ताकद प्रत्येक बाजूला २७० वॅट. दोन माणसांनी मिळून उचलावा असा तो ऐवज होता.

तो आकडा तरी खरा होता. त्याआधी अमेरिकेच्या बाजारात कंपन्या वाटेल तसे वॅट छापत. क्षणभर निघणारी ताकद मोजायची, दोन्ही बाजूंची बेरीज करायची, आणि फुगलेला आकडा खोक्यावर लिहायचा. गिऱ्हाईक फसत होतं. शेवटी १९७४ साली तिथल्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेनं नियम केला, की घरगुती ॲम्प्लिफायरची जाहिरात करताना सतत मिळणारी ताकदच सांगायची, आणि ती कोणत्या अटीवर मोजली तेही सांगायचं. हा नियम आपण पुढे पुन्हा आठवणार आहोत.

आता वॅटची एक गंमत ऐका. वॅट दुप्पट केले म्हणजे आवाज दुप्पट होतो असं आपल्याला वाटतं. कानाचा हिशेब तसा नाही. आवाज साधारण दुप्पट मोठा वाटायला ताकद दहापट लागते. म्हणजे वीस वॅटची पेटी आणि दोनशे वॅटची पेटी एकाच स्पीकरवर लावली, तर मोठी पेटी फार तर दुप्पट मोठी ऐकू येईल. पैसे मात्र दुप्पट लागत नाहीत, कितीतरी जास्त लागतात. लहानशा खोलीत, दोन माणसांनी रात्री गाणं ऐकायचं, तर बहुतेक वेळ एक-दोन वॅटही पुरतात.

हे गणित त्या वेळच्या जाणकारांना माहीत होतंच. पण दुकानात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला आकडा दिसतो, चकाकी दिसते. आवाजाचा खरेपणा दिसत नाही, तो बसून ऐकावा लागतो.

साध्या पेटीचा जन्म

नॅड ही कंपनी १९७२ साली लंडनमध्ये सुरू झाली. नाव 'न्यू अकूस्टिक डायमेन्शन' या शब्दांच्या पहिल्या अक्षरांवरून पडलं. तिचे संस्थापक मार्टिन बोरिश. स्वतःचा मोठा कारखाना उभारायचा नाही, आराखडा आपण करायचा आणि माल दुसऱ्याच्या कारखान्यात बनवून घ्यायचा, असा त्यांचा रिवाज होता.

३०२०चा आराखडा केला ब्योर्न एरिक एडवर्डसन या नॉर्वेच्या इंजिनिअरनं. तो आधी लंडनमध्ये डॉल्बी कंपनीत होता. टेपमधला खरखराट कमी करणारी ती डॉल्बी. जुन्या कॅसेटवर हे नाव तुम्ही पाहिलं असेल. पुढे अनेक दशकं तो नॅडसाठीच काम करत राहिला. २०१८ साली तो गेला.

त्याच्यापुढे काम होतं असं. विद्यार्थी, नवी नोकरी लागलेली पोरं, बेताच्या मिळकतीची कुटुंबं यांना झेपेल अशी पेटी करायची. ताकद प्रत्येक बाजूला वीस वॅट. शेजारच्या दुकानात २७० वॅटची पेटी दिवे लावून बसलेली असताना वीस वॅट छापून बाजारात उतरायचं, याला हिंमत लागते.

पेटी दिसायला कशी होती? गडद करडा रंग, प्लास्टिकची बटणं, आवाजाची एक गोल मूठ, जाड-बारीक स्वरांच्या दोन लहान मुठी. ताकद किती निघतेय ते दाखवायला पाच बारकेसे दिवे. एवढाच काय तो शृंगार. कपाटात ठेवली तर पुस्तकांच्या शेजारी लक्षातही येणार नाही.

पैसा कुठे घातला

वरच्या शृंगाराचा वाचवलेला पैसा आत गेला. कुठे गेला ते नीट पाहू, कारण या पेटीच्या टिकण्याचं कारण तिथंच आहे.

पहिली गोष्ट स्पीकरची. स्पीकरच्या पाठीवर आठ ओहम असं काहीतरी लिहिलेलं असतं. ओहम म्हणजे विजेला होणारा अडथळा. कारखान्यात ॲम्प्लिफायर तपासताना स्पीकर लावत नाहीत, आठ ओहमचा एक मुका रोधक लावतात. तो बिचारा कायम आठच राहतो. खरा स्पीकर तसा नसतो. गाण्यात स्वर बदलला की त्याचा अडथळाही बदलतो. आठचा चार होतो, कधी त्याहून कमी. अडथळा घटला की तो पेटीकडे जास्त वीज मागतो. सपाट रस्त्यावर बैलगाडी नीट चालली म्हणून घाटात चालेलच असं नाही, तसंच हे. पुष्कळ स्वस्त पेट्या तपासणीत पास व्हायच्या आणि खऱ्या स्पीकरच्या घाटात दमायच्या. एडवर्डसननं ३०२० घाटासाठी बनवली. लिहिलं वीस वॅट, पण ढोल-ताशाचा ठोका आला, गायिकेनं वरचा सूर लावला, तर ती क्षणभर त्याच्या दुपटीच्या आसपासही देऊ शकत होती. आणि स्पीकरनं जास्त वीज मागितली तरी पाय मागे घेत नव्हती.

आपल्याकडे शहाणी बाई डब्यात मूठभर पीठ जास्त ठेवतेच. पाहुणा आला तर उपाशी जायला नको. ते पीठ कुणाला दिसत नाही, पण वेळेला घराची अब्रू राखतं. या पेटीतली जास्तीची ताकद तशी होती.

दुसरी गोष्ट, ताकद संपल्यावर काय होतं त्याची. पायलीनं धान्य मोजताना वर शीग चढते. हातानं शीग उतरवली की माप सपाट होतं. पेटीची ताकद संपते तेव्हा आवाजाच्या लाटेची शीग अशीच कापली जाते. कानाला ते कर्कश लागतं. आणि नुसतं कर्कश लागून भागत नाही, बारीक स्वर काढणारा छोटा स्पीकर त्या कापलेल्या लाटांनी जळू शकतो. मांडवात पोरं मूठ शेवटपर्यंत पिळतात आणि दुसऱ्या दिवशी भोंगा मुका होतो, त्यामागं बऱ्याचदा हेच असतं. ३०२०च्या पाठीला एक लहान बटण होतं. ते दाबलं की पेटी लाटेची शीग एकदम कापत नसे, कड गोल करत असे. त्यामुळे अवघड वेळीही आवाज फार बिघडत नसे आणि स्पीकरचा धोका कमी होई. गिऱ्हाईक कधीतरी हात जड टाकणार, हे धरूनच केलेली ही सोय होती.

तिसरी गोष्ट, वाढायला ठेवलेली जागा. पेटीच्या आत दोन भाग असतात. एक आवाज निवडणारा आणि सांभाळणारा, दुसरा ताकद देणारा. ३०२०च्या पाठीवर हे दोन भाग उघड्या जोडणीनं जोडलेले होते. ती काढली की भाग सुटे. म्हणजे आज ही छोटी पेटी घ्या. चार वर्षांनी पैसे जमले तर ताकदीची वेगळी पेटी आणून जोडा. जुनी टाकून द्यायला नको. आपण घर बांधतो तेव्हा पुढच्या खोलीसाठी भिंतीतून विटांचे दात सोडून ठेवतो, तशीच ही सोय.

चौथी गोष्ट रेकॉर्डची. सुईतून निघणारी वीज सगळ्यात क्षीण. ती वाढवणारा भाग स्वस्त पेटीत बहुधा कसाबसा उरकलेला असे. त्या काळी लोक गाणी मुख्यतः रेकॉर्डवर ऐकत, म्हणून एडवर्डसननं तो भाग मन लावून केला. गिऱ्हाईक रोज जे वापरणार ते आधी चांगलं करायचं.

काटकसर कुठे केली तेही सांगतो. बटणं साधी होती. वर्षं गेली की ती खरखरतात, आवाजाची मूठ फिरवताना कुरकुर ऐकू येते. बाहेरचा डबा, जोडण्या, सगळं बेतास बात. ही पेटी बाळगणारे लोक या उणिवा हसत सांगतात. पण त्या उणिवा अशा ठिकाणी आहेत जिथे साफसफाईनं काम भागतं. काळजात खोट नाही.

ब्रिटनच्या हाय-फाय मासिकांनी तिची तारीफ केली. दुकानदार तिला महागातल्या स्पीकरला जोडून दाखवत आणि गिऱ्हाइकाला विचारत, बोला, काय जोडलंय, असं सांगतात. पुढे ३०२०ए, ३०२०बी, ३०२०ई, ३०२०आय अशा तिच्या धाकट्या बहिणी निघाल्या. सगळ्या मिळून दहा लाखांहून जास्त विकल्या गेल्या असं मानलं जातं. हाय-फायच्या दुनियेत हा आकडा फार मोठा आहे.

स्वस्ताई कुणाच्या हातांवर

इथवरचा इतिहास मासिकांतून लिहिला गेला आहे. आम्हाला त्यात एक जागा रिकामी दिसते. एडवर्डसनचं नाव सापडतं, बोरिशचं सापडतं. पेटी जोडणाऱ्या हातांची नावं सापडत नाहीत.

ही पेटी तैवानमध्ये बनली. १९६०-७०च्या दशकांत तैवान हे जगाचं जोडणीघर झालं होतं. रेडिओ, टीव्ही, टेपरेकॉर्डर यांचे बारीक भाग जोडायला तिथल्या कारखान्यांनी खेड्यापाड्यांतून तरुण मुली आणल्या. इलेक्ट्रॉनिक्सच्या जोडणीच्या रांगांवर बहुसंख्य मुलीच असत. बोटं चपळ, मजुरी कमी, तक्रार करणार नाहीत, असा मालकांचा हिशेब. घरी पैसे पाठवायचे, भावांच्या शिक्षणाला हातभार लावायचा आणि कारखान्याच्या वसतिगृहात राहायचं. ही कहाणी आपल्यापैकी कितीतरी जणींच्या लेकींची आहे.

यातली एक गोष्ट नोंदीत आहे. ३०२०च्या पोटात ताकद देणारा एक ट्रान्झिस्टर होता, २एन३०५५. आपल्याकडच्या जुन्या ॲम्प्लिफायर दुरुस्तीवाल्यांनाही हा नंबर तोंडपाठ असतो. तो १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला पहिल्यांदा बाजारात आणला अमेरिकेच्या आरसीए कंपनीनं. याच आरसीएचा तैवानमध्ये ताओयुआन इथं टीव्हीचे भाग बनवण्याचा मोठा कारखाना होता. ३०२० त्या कारखान्यात बनली नाही, हे स्पष्ट सांगतो. पण त्या काळच्या स्वस्त इलेक्ट्रॉनिक्सची दुसरी बाजू तिथं दिसते. तो कारखाना १९७०च्या सुमाराला सुरू झाला आणि १९९२ साली बंद पडला. भाग धुण्याची विषारी रसायनं जमिनीत मुरून भूजल खराब झालं होतं, हे १९९४ साली उघड झालं. तिथं काम केलेल्या अनेकांना कर्करोग झाला होता, आणि त्यांत बायांची संख्या मोठी होती. कारखान्यात आणि वसतिगृहात आपण तेच पाणी प्यायलो, असं त्यांनी सांगितलं.

त्या गप्प बसल्या नाहीत. वय झालेल्या, आजारी बायांनी आणि पुरुषांनी संघटना बांधली, एकेकीची हकिगत लिहून काढली आणि २००४ साली कोर्टात गेल्या. २०१५ साली तैपेईच्या कोर्टानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला, ५६ कोटी तैवानी डॉलरांहून जास्त भरपाई मंजूर केली. त्यापुढेही अपिलं चालू राहिली. निकालाची वाट पाहता पाहता कितीजणी गेल्या.

म्हणून स्वस्त वस्तू हातात घेताना दोन प्रश्न विचारायचे. काटकसर कशात केली? आणि ती कुणाच्या जिवावर केली? डब्याचा चकचकाट वाचवून वस्तू स्वस्त केली, तर ते शहाणपण. माणसाचं पाणी आणि श्वास यांत काटकसर करून स्वस्त केली, तर ती किंमत कुणीतरी दुसरीकडे चुकती करत असतं.

टिकली ती का

१९७८ साली आपल्या देशात परदेशी वस्तूंवर कडक बंधनं होती. त्यामुळे ३०२० आपल्याकडच्या घरांत सहसा दिसली नाही. आपल्याकडे रेडिओ होता, रेकॉर्ड प्लेअर मोजक्या घरांत, आणि सार्वजनिक कार्यक्रमाला भोंग्याची पेटी. त्या पेट्या मात्र अनेक ठिकाणी अशाच टिकल्या. एखाद्या देवळात तीस वर्षांची पेटी अजून आरतीला साथ देते. कारण तिच्यातला भाग गेला तर तालुक्याचा मिस्त्री तो बदलू शकतो.

३०२० टिकली त्यातही हे मोठं कारण आहे. आतले भाग नेहमीचे, बाजारात मिळणारे. तिचा नकाशा, म्हणजे कोणता भाग कुठे हे दाखवणारं चित्र, दुरुस्तीवाल्यांच्या हाती होतं. काळानुसार तिच्यातले कपॅसिटर सुकतात. ते बदलले, बटणं धुतली, की पेटी पुन्हा उभी राहते. वस्तू किती वर्षं जगेल हे ती उघडता येते का, यावर बरंच अवलंबून असतं.

दुसरं कारण तिच्या गिऱ्हाइकांचं. पहिल्या पगारात घेतलेली पेटी माणूस विसरत नाही. महागडी यंत्रं थोड्यांनी घेतली. ही लाखोंनी घेतली आणि पहिल्यांदा गाणं खऱ्यासारखं ऐकलं. नंतर काहींनी मोठ्या पेट्या आणल्या, पण जुनी लेकीला दिली, भाचीला दिली.

तिसरं कारण शब्दाचं. वीस लिहिलं आणि वीसपेक्षा जास्त दिलं. लोकांनी पुढे त्या नंबरावरच विश्वास ठेवला. तो विश्वास इतका मोलाचा, की २०१३ साली कंपनीनं एक अगदी नव्या धाटणीची, मोबाइलवरून बिनतारी गाणं वाजवणारी पेटी काढली तेव्हा तिला नाव दिलं डी ३०२०. आत सगळं बदललं होतं, नंबर मात्र आजीचाच ठेवला.

आपल्या बाजारात

आता आपल्या आठवडी बाजारात या. स्पीकरच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात हजारो वॅट लिहिलेले दिसतात, शेजारी पीएमपीओ अशी चार अक्षरं. ही अक्षरं दिसली की सावध व्हा. हा त्याच जुन्या फुगवलेल्या आकड्यांचा भाऊबंद आहे. क्षणाच्याही लहानशा तुकड्यात कल्पनेनं जेवढी ताकद निघेल तेवढी मोजून, सगळ्या स्पीकरांची बेरीज करून तो छापतात. गाणं ऐकताना तेवढी ताकद कधीच मिळत नाही. विचारायचा शब्द आरएमएस. म्हणजे सतत मिळणारी खरी ताकद.

दुकानदार आरएमएस सांगत नसेल तर पेटी उलटी करा. पाठीवरच्या पट्टीवर ती किती वॅट वीज घेते ते बहुधा लिहिलेलं असतं. विहिरीत जेवढं पाणी आहे त्याहून जास्त मोटेतून सतत येणार नाही. पन्नास वॅट वीज घेणारी पेटी दोन हजार वॅट आवाज देऊ शकत नाही. स्पीकर किती ओहमचा लागतो ते पाहा. भाग कुठे मिळतात आणि दुरुस्ती कोण करतं, ते पैसे देण्याआधी विचारा. आणि ओळखीचं एखादं गाणं मध्यम आवाजात लावून ऐका. शब्द स्वच्छ कळतात का? मोठ्या आवाजाला सगळेच भुलतात, शब्द कळणं अवघड असतं. मेळाव्यात आपल्याला शब्दच पोचवायचे असतात.

हा आमचा रेडिओसुद्धा लहान आकड्यावर चालतो. सामुदायिक रेडिओला प्रक्षेपणासाठी साधारण शंभर वॅटची मर्यादा असते. ती ताकद रेडिओलहरींची, तिचा हिशेब निराळा. पण पाच-दहा किलोमीटरच्या गावांपर्यंत तुमची बोली, तुमचे भाव, तुमच्या दवाखान्याची वेळ पोचवायला ती पुरते.

आता पुढच्या बैठकीसाठी एक काम. तुमचा गट जो माल करतो तो मध्ये ठेवा आणि दोन रकाने आखा. एकात लिहा, आपण कशात पैसे वाचवतो. दुसऱ्यात लिहा, कशात कधीच वाचवायचे नाहीत. मसाला असेल तर मिरची दुसऱ्या रकान्यात, पुडक्यावरचा सोनेरी कागद पहिल्यात. करणारीची मजुरी कोणत्या रकान्यात बसते, यावर मोकळेपणानं बोला. ती चुकून पहिल्या रकान्यात गेली असेल तर त्या दिवशीच बाहेर काढा. आणि पुडक्यावर वजन शंभर ग्रॅम छापत असाल, तर आत शंभर भरतं का, ते काट्यावर ठेवून सगळ्यांसमोर पाहा. दोन ग्रॅम जास्तच निघालं तर उत्तम.

काय ठरलं ते आम्हाला कळवा, म्हणजे इतर गटांनाही ऐकवू.

नमस्कार.